परदेशातली स्वयंसेवा संपवून सांगलीत परतलात? इथून पुढं काय करायचं

केनिया, मलावी, नेपाळ, कंबोडिया अशा कुठल्या तरी देशात स्वयंसेवक म्हणून काम करून सांगली-मिरजेत किंवा तासगाव-विट्याकडं नुकत्याच परतलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. पहिल्या आठवड्यात घरी विचारतात, "पगार किती होता?" नव्हता म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग गेलीस कशाला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, चिडू नका. खरी अडचण नंतरची आहे, जेव्हा कुणीच काही विचारत नाही. नोकरी शोधायची असते, घरात स्थळं बघायला सुरुवात होते, तिकडचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप थंड पडतो आणि ज्या गोष्टीनं झोप उडवली होती ती मोबाइलच्या फोल्डरात जाऊन पडते. तसं होऊ नये म्हणून काय करता येतं, ते क्रमानं सांगते. मी मलावीत होते, त्यामुळं उदाहरणं तिकडची जास्त येतील.

१. आधी लिहून काढा, बोलायचं नंतर

परतल्यावर पहिल्या महिन्याभरात एक वही करा. त्यात "अनुभवानं मला समृद्ध केलं" छापाचं काही नको, बारीकसारीक तपशील हवेत. सोबत काम केलेल्यांची नावं, ती कशी उच्चारायची, त्यांचे नंबर. मक्याच्या पोत्याचा भाव पावसाआधी काय होता आणि नंतर काय झाला. बाळंतिणीला दवाखान्यापर्यंत किती चालावं लागायचं. हातपंप बिघडला की दुरुस्तीला कोण यायचं आणि किती दिवसांनी.

हे तपशील दोन वर्षांनी फार उपयोगी पडतात. ते नसले की माणूस "आफ्रिकेत ना, असं असतं" म्हणायला लागतो. आफ्रिकेत चोपन्न देश आहेत. आपण त्यातल्या एका देशातल्या एका जिल्ह्यात, फार तर चार-पाच गावांत राहिलेलो असतो.

वहीच्या शेवटी दोन पानं राखून ठेवा. एकावर लिहा: मी करत होते ते काम मागितलं कुणी होतं, आणि मी निघाल्यावर ते आता कोण करतंय? दुसऱ्यावर: मी कुणाला काय कबूल करून आलेय? "फोटो पाठवते", "पुस्तकं पाठवते", "पुढच्या वर्षी येते" हे सगळं. ही यादी आपल्याला वाटते त्याहून लांब निघते.

२. एकच प्रश्न धरा

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली, त्याखाली १६९ लक्ष्यं, आणि मुदत २०३०. परत आलेला माणूस त्यातली निम्मी तरी एकदम अंगावर घेतो. सोमवारी प्लास्टिक, मंगळवारी निर्वासित, बुधवारी मुलींचं शिक्षण. महिन्याभरात दमतो आणि मग सगळंच सोडतो.

एक निवडा. निवडायची माझी कसोटी अशी: कुठल्या विषयावरचा रटाळ सरकारी अहवाल तुम्ही रात्री जेवण झाल्यावर वाचायला तयार आहात? तो तुमचा विषय. मग तो अजून बारीक करा. "पाणी" हा विषय कुणाच्याच मुठीत मावत नाही. "पूर ओसरल्यावर पहिल्या महिन्यात गावाला प्यायला कसलं पाणी मिळतं" हा मावतो. मी तोच धरला आहे, कारण मलावीत २०२२ मध्ये कॉलरा सुरू झाला आणि पुढच्या वर्षापर्यंत तो त्या देशाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा उद्रेक ठरला. आणि पूर म्हणजे काय, हे सांगलीकराला वेगळं सांगावं लागत नाही.

३. त्या प्रश्नाचा इथला पत्ता शोधा

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं हेच काम आहे, आणि बहुतेक जण नेमकं हेच गाळतात. जागतिक प्रश्न म्हणजे न्यूयॉर्क-जिनिव्हातलं काही तरी, आणि आपण सांगलीत बसून फक्त पोस्ट शेअर करायच्या, असा समज असतो.

२०१९ चंच वर्ष घ्या. मार्च महिन्यात इडाई चक्रीवादळानं मोझांबिक, झिंबाब्वे आणि मलावीत धुमाकूळ घातला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. इथं ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी आहे, म्हणजे ५७ म्हणजे काय ते बघा. ब्रह्मनाळला बोट उलटली ती त्याच पुरात. हवा एका अंशानं तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, मग पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो. हे विज्ञान मलावीला लागू आहे तसंच कोयनेच्या पाणलोटालाही. पण सगळं खापर हवामानबदलावर फोडू नका. पूरपट्ट्यातली बांधकामं, धरणांतला विसर्ग कधी आणि किती करायचा, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची, हे इथले वाद आहेत आणि ते समजून घेतल्याशिवाय तोंड उघडू नये. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० साली अहवाल दिला. तो मिळवून वाचा. पटलं नाही तरी वाचा.

आता पत्ता कसा शोधायचा, ते माझ्या विषयावरून दाखवते.

गावच्या ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. पाण्याच्या टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर टाकायचं काम त्याचं. टाकल्यावर पाण्यात क्लोरीन उरलंय का ते ओटी टेस्टनं बघतात: छोट्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, द्रावणाचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. रंगच आला नाही तर पावडर पडलेली नाही, किंवा पोत्यातच उडून गेलीय, कारण पोतं उघडं आणि ओलीला ठेवलं की टीसीएलचा दम जातो. ही टेस्ट टाकीजवळ बघून उपयोग नाही. गावाच्या शेवटच्या नळाला, वस्तीवर जाऊन बघायची. पाण्याच्या स्रोतांची तपासणी वर्षातून दोनदा होते, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, आणि पाणी दूषित होण्याचा धोका किती यावरून ग्रामपंचायतीला लाल (जास्त), पिवळं (मध्यम) किंवा हिरवं (कमी) कार्ड मिळतं. तुमच्या गावाला कुठलं कार्ड आहे, ते उद्या जाऊन विचारा. ग्रामपंचायतीत कुणालाच सांगता आलं नाही, तर तुमचं काम तिथूनच सुरू झालं म्हणायचं.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०१० साली पाणी हा मानवी हक्क मानला. वस्तीवरच्या शेवटच्या नळाखाली धरलेल्या त्या नळीत तो हक्क पिवळा दिसतो किंवा दिसत नाही.

बाकीच्या विषयांनाही असेच पत्ते आहेत. तिकडं स्थलांतरितांसोबत काम केलं असेल तर विटा, खानापूर, आटपाडीची घरं बघा. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी माणसं देशभर पांगलीत आणि मागं म्हातारी माणसं राहिलीत. किंवा ऊसतोड सुरू झाली की कारखान्याच्या परिसरातल्या खोपटांवर जा आणि मुलं शाळेत जातात का बघा. शेती आणि अन्नसुरक्षा असेल तर तासगावच्या द्राक्षबागा आहेत. २०१० साली औषधाच्या अंशावरून युरोपनं भारतीय द्राक्षं अडवली होती, आणि त्याचा हिशेब इथल्या बागायतदारानं भरला. दुष्काळ असेल तर जत आणि आटपाडी. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती मिरजेतून, आणि आपल्याच सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात बायका टँकरची वाट बघत होत्या. साताऱ्याकडचे असाल आणि जैवविविधतेचा विषय असेल तर कास पठार आहेच. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात ते आलं. आता फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी तिथल्या गर्दीकडं बघून वारसा कुणाचा असा प्रश्न पडतो.

पत्ता सापडला की लगेच संस्था काढू नका. त्या विषयावर आधीपासून काम करणारं कुणी तरी असतंच. आशाताई असतील, एखादे निवृत्त गुरुजी असतील, महिला बचत गट असेल. त्यांच्याकडं जा आणि पहिले काही महिने पडेल ते काम करा. सतरंज्या उचला, याद्या टाइप करा. "आम्ही मलावीत असं करायचो" हे वाक्य त्या काळात जिभेवर येऊ देऊ नका.

४. ग्रामसभेत बोला

हे छोटं आहे पण महत्त्वाचं. आपल्याकडं वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला त्या घेण्याचा रिवाज आहे. विषय आधी लेखी द्या, पोच घ्या, आणि सभेत तो इतिवृत्तात लिहिला गेला का ते बघूनच घरी जा. माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे: दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. अर्जात एकच नेमका प्रश्न विचारा. "पाणीपुरवठ्याची सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं की उत्तरही तितकंच मोघम येतं.

५. तिकडच्या माणसांशी नातं कसं ठेवायचं

वहीतलं कबुलीचं पान उघडा. जे जमणार आहे ते दोन महिन्यांत करून टाका. जे जमणार नाही ते सरळ कळवा: "पुढच्या वर्षी येणं होणार नाही." वाईट वाटेल, पण वाट बघायला लावण्यापेक्षा ते बरं.

मलावीची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं आहे. त्यांची संध्याकाळची सातची निवांत वेळ म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. डेटा पॅक तिकडं खिशाला जड असतो, तेव्हा व्हिडिओ कॉलचा आग्रह धरू नका, लिहून किंवा छोटा आवाजी निरोप पाठवा. महिन्यातला एक वार ठरवला की सवय लागते. आणि आपलंही सांगा. कोयनेतून विसर्ग वाढला, आमच्या गल्लीत पाणी आलं, आम्ही सामान माळ्यावर चढवलं. सदा आपणच त्यांची चौकशी करत राहिलो की ते नातं मदत देणारा आणि घेणारा एवढंच उरतं. माझ्या तिथल्या सहकारी बाईंना सांगलीच्या पुराचे फोटो दाखवले तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "विहिरी कशा साफ करता तुम्ही?" त्यावर आमचं जे बोलणं झालं, त्यातून मी कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त शिकले.

६. पैशाच्या बाबतीत सावध

हा भाग कंटाळवाणा आहे, तरी गाळू नका.

पूर आला की तुमचे परदेशी मित्र हमखास विचारतात, "पैसे पाठवू का?" स्वतःच्या खात्यावर अजिबात घेऊ नका. परदेशी देणग्यांसाठी २०१० चा एफसीआरए कायदा आहे. सामाजिक कामासाठी परदेशी नागरिकाकडून पैसे घ्यायचे तर त्या कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी लागते, आणि हे संस्थेला लागू आहे तसंच एकट्यादुकट्या माणसालाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि एका संस्थेनं तो घेऊन दुसरीला वळता करायलाही बंदी आहे. म्हणजे "ओळखीच्या संस्थेच्या खात्यावर घेऊ आणि मग वाटू" हा मार्गही बंद. दुबईत नोकरीला असलेला तुमचा मावसभाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला काका मूळचा इस्लामपूरचा असला तरी कायद्याच्या लेखी परदेशीच. मित्रांना नोंदणी असलेल्या संस्थेचं नाव सांगा आणि त्यांना थेट तिकडं देऊ द्या.

उलट बाजूला, इथून तिकडं पैसे पाठवायचे तर बँकेतून जा. पॅन आणि परदेशी पैसे पाठवण्यासाठीचा ए-टू फॉर्म लागतो. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरातली ८० जीची सवलत मिळत नाही. एखाद्याच मुलाची फी भरण्यापेक्षा तिथल्या शाळेशी किंवा समितीशी बोलून ठरवा. एका मुलाला निवडलं की बाकीच्यांना न निवडल्याचं ओझं तिथल्या शिक्षकावर पडतं, आणि तुम्ही इथं समाधानात असता.

७. घरबसल्या होणारं काम

नोकरी लागल्यावर हेच जास्त टिकतं.

माझ्या मते सुरुवात नकाशानं करावी. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासूनचा सगळ्यांना खुला नकाशा आहे. २०१० च्या हैतीच्या भूकंपात जगभरच्या लोकांनी घरी बसून तिथले रस्ते आणि इमारती त्यावर रेखाटल्या, आणि त्यातून ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम उभी राहिली. त्यांच्या टास्किंग मॅनेजरवर, म्हणजे नकाशाची कामं वाटून देणाऱ्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, "नवशिक्यांसाठी" अशी खूण असलेला प्रकल्प निवडायचा, आणि नकाशाचा एक चौकोन आपल्या नावावर घ्यायचा. उपग्रहाच्या चित्रात घर दिसलं की त्याचे कोपरे टिपत जायचं, आकार बंद करायचा, "इमारत" अशी नोंद द्यायची. मग कीबोर्डवर क्यू दाबलं की वाकडेतिकडे कोपरे काटकोनात येतात, आणि गोल झोपडी असेल तर ओ दाबलं की वर्तुळ होतं. सावलीला घर समजू नका, नवीन माणूस हमखास तिथं फसतो. जेवणानंतरच्या तासाभरात एक चौकोन होतो. मागून अनुभवी माणूस तपासतो, चुका कळवतो, त्या मनाला लावून घेऊ नका. हात बसला की आपली कृष्णाकाठची गावं बघा: भिलवडी, डिग्रज, हरिपूर. पुरात पहिला कुठला रस्ता पाण्याखाली जातो हे उपग्रहाला कळत नाही, गावातल्या माणसाला कळतं.

संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात २००० पासून ऑनलाइन स्वयंसेवा आहे. वय अठराच्या वर हवं, मानधन नाही, आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास आणि एका कामाला बारा आठवड्यांपर्यंत. अर्ज भरताना "मला मदत करायची आहे" असं लिहू नका, काय येतं ते लिहा: एक्सेल, मांडणी, भाषांतर. भाषांतरासाठी ट्रान्सलेटर्स विदाउट बॉर्डर्स आहे, आता क्लिअर ग्लोबल या संस्थेचा भाग. मराठीचं काम तिथं रोज मिळेलच असं नाही, पण नाव नोंदवून ठेवा.

आणि मराठी विकिपीडिया. तुम्ही राहिलात त्या देशावरचा मराठी लेख काढून बघा, बहुतेक चार ओळींचा असेल. तो वाढवा, संदर्भ देऊन. शेजारी वाईत बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला. आपल्याला एक पान जमायला हरकत नाही.

८. शाळेत भाषणाला बोलावतील तेव्हा

बोलावतातच. २६ जानेवारीला, गॅदरिंगला, रोटरीत. जा, पण फोटो निवडताना एक नियम पाळा: तुमच्या पुतण्याचा असा फोटो अनोळखी सभागृहात दाखवलेला चालेल का? उघडं, नाक गळणारं पोर कडेवर घेतलेला फोटो बाजूला ठेवा. नर्सबाई रजिस्टर भरताहेत, बाजारात बाई टोमॅटोचे वाटे लावतेय, असे दाखवा. लोकांची नावानं ओळख करून द्या, त्यांची परवानगी घेऊन.

मी सुरुवात मिरजेपासून करते. विल्यम वानलेस हा कॅनडात जन्मलेला मिशनरी डॉक्टर १८८९ साली इकडं आला, १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला आणि जवळपास चार दशकं राहिला. वानलेसवाडीच्या स्टॉपवर रोज उतरणाऱ्या पोरांना हे माहीत नसतं. मग मुलांना विचारते: तो एकटाच ऑपरेशन करत राहिला असता आणि इथल्या कुणालाच शिकवलं नसतं, तर तो गेल्यावर मिरजेत काय उरलं असतं? चर्चा आपोआप मार्गी लागते. आपल्याही गावात परदेशी माणसं कामाला आली होती, हे कळलं की मुलं मलावीकडं बिचारे म्हणून बघत नाहीत.

९. माणसं जोडा, पण थोडी

चार जण पुरेत. महिन्यातून एकदा भेटा, प्रत्येकानं आपल्या विषयावरची एकच बातमी किंवा अहवाल वाचून आणायचा आणि बाकीच्यांना भडंग खात समजावून सांगायचा. समजावता आला नाही तर तो आपल्यालाच कळलेला नाही. बातम्यांचं रोजचं व्यसन नको. तुम्ही राहिलात त्या देशातलं एक स्थानिक वृत्तपत्र आठवड्यातून एकदा वाचलंत तरी दिल्ली-मुंबईच्या चॅनलपेक्षा जास्त कळेल. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होतात. तो भोंगा सगळ्यांनाच हवा, स्वयंसेवकांना जरा जास्तच.

५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन, आणि २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी स्वयंसेवकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. कॉलेजच्या एनएसएसला कार्यक्रम हवाच असतो. त्या दिवशी सत्कार घेण्याऐवजी नकाशाची कार्यशाळा घ्या, संगणक कक्ष फुकटात मिळतो.

१०. "मलाही जायचंय" म्हणणाऱ्यांना

वर्षभरात दोघं-तिघं तरी विचारायला येतील. त्यांना नुसता उत्साह देऊ नका. अनाथाश्रमात दोन आठवडे मुलांशी खेळायचं, अशी पॅकेजं विकणाऱ्यांपासून दूर ठेवा. नेपाळ आणि कंबोडियात आईबाप असलेली मुलंही पर्यटकांसाठी अशा आश्रमांत ठेवल्याचं उघडकीला आलंय, आणि २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांच्या ठरावात या प्रकाराची दखल घेतली. पाठवणाऱ्या संस्थेला लेखी विचारायला सांगा: हे काम मागितलं कुणी? पैसे भरायचे तर त्यातले किती तिथल्या संस्थेला जातात? याच कामाला तिथला माणूस पगारावर का ठेवला नाही? मी आजारी पडले तर दवाखाना कुठला आणि विमा कुणाचा? मी निघाल्यावर काम कुणाच्या हातात जाईल? उत्तरं गोलगोल आली तर पासपोर्ट कपाटातच राहू द्या, आणि त्या पोराला येत्या पावसाळ्याआधी ओटी टेस्टची नळी घेऊन वस्तीवर पाठवा.